‘मेड इन जपान’ ही एका रात्रीची मैफल नव्हे

ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम म्हणजे टोकियोच्या बुडोकान सभागृहातली एका रात्रीची मैफल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकात आणि १७ ला बुडोकानमध्ये असं तीन रात्री ध्वनिमुद्रण झालं. मूळ अल्बमच्या सात गाण्यांपैकी बुडोकानची फक्त दोन, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १५ तारखेचं, उरलेली चार १६ ची. मुखपृष्ठावरचा फोटो तर लंडनच्या रेनबो थिएटरमधला! पण यानं रेकॉर्डचं मोल तसूभरही घटत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ या गाण्यात गायक इयान गिलनचा हळुवार सूर किंचाळीपर्यंत चढत जातो, जॉन लॉर्डचा ऑर्गन त्याला साथ देत राहतो. चाहते जीव टाकतात ते यावर, आणि ते सगळं ओसाकाच्या प्रेक्षकांसमोर घडलंय.