आठवीपर्यंत ‘ढकलपास’: हे प्रकरण कुठून सुरू झालं

गरीब वस्तीतल्या शाळेत सहावी ते आठवीची पोरं मागे पडली की खापर ढकलपासवर, म्हणजे नापास न करता पुढच्या वर्गात ढकलण्यावर, फुटतं. त्याचं मूळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याआधी नापास झालं की बरीच पोरं शाळाच सोडायची आणि कामाला लागायची, म्हणून ते कलम आलं.

पण कायद्यात गोष्टी दोन होत्या. कलम १६ नुसार आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, आणि कलम २९ नुसार वर्षभर मूल्यमापन करत राहायचं, म्हणजे कच्चं मूल वेळेत कळेल आणि त्याला हात देता येईल. पहिल्याला पैसा लागत नव्हता, ते लगेच झालं. दुसऱ्याला माणसं आणि वेळ लागत होता, तिथे नुसत्या वह्या भरल्या गेल्या. ‘गटकार्यात सहभागी होतो’, ‘वाचनाची आवड आहे’ असल्या वर्णनात्मक नोंदी पोरापोराच्या नावापुढे त्याच त्याच, आणि सातवीतलं पोर १/२ + १/३ = २/५ लिहितंय, वरचे वर मिळवले खालचे खाली, हे कुठल्याच नोंदीत नाही. हे अपूर्णांक प्राथमिकलाच राहिलेत, आता शेकडेवारी अडणार, गुणोत्तर अडणार, बीजगणित तर लांबच. ज्यांना परवडतं ते क्लास लावून भरून काढतात, बाकीच्यांना शाळेशिवाय दुसरं कोण आहे?

वयानुरूप प्रवेशाचंही तेच. ऊसतोडीवरून परतलेलं अकरा-बारा वर्षांचं मूल थेट वयाच्या वर्गात बसवायचं, सोबत किमान तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण द्यायचं असं नियमात आहे, पण मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसता बाकच येतो.

मग कोरोना. मार्च २०२० ला दुसरीत असलेलं मूल २०२४-२५ मध्ये सातवीत होतं, मधलं वाचायला शिकायचं वय घरात मोबाईलची वाट बघण्यात गेलं.

२०१९ ला कायदा बदलला, पाचवी आणि आठवीत मागे ठेवायचं की नाही ते राज्यांवर सोडलं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. माझ्या मते दुखणं कलम २९ चं होतं आणि ऑपरेशन कलम १६ चं झालं. शिवाय ते दोन महिने नेमके उन्हाळी सुट्टीचे, शाळेला कुलूप आणि बरीच कुटुंबं गावाला गेलेली.