वणव्यानंतरची पुनर्बांधणी आणि झोनिंगमधील सवलत

वणव्यात घर गमावलेल्या रहिवाशांना आपल्याच भूखंडावर पुन्हा घर बांधता यावे, यासाठी स्थानिक प्रशासनाने जमीनवापराच्या नियमांत ठरावीक मुदतीपुरती दिलेली सूट. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागात, त्यातही कॅलिफोर्नियात दिसते. तिथे झोनिंगचे नियम, म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि केवढे बांधता येईल याचे नियम, शहरे आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) करतात, त्यामुळे ते शिथिल करणेही बहुतांशी त्यांच्याच हाती असते.

अशा सवलतीची गरज का पडते? समजा, १९५० च्या सुमाराचे एक घर कुंपणापासून तीन फुटांवर आहे. पुढे नियम बदलून बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे घर आणि कुंपण यांत मोकळी सोडायची जागा, पाच फूट झाले. जुने घर त्यामुळे बेकायदा ठरत नाही, आहे तसे राहू शकते. पण अनेक शहरांच्या नियमांत एक मेख असते. असे घर निम्म्याहून अधिक नष्ट झाले, की त्याचे संरक्षण संपते आणि नवे बांधकाम आजच्या नियमाने करावे लागते. एखाददुसऱ्या घरापुरते हे चालून जाते. सगळी वस्तीच एका रात्रीत जळाली, तर घर गेलेल्या माणसाचा पूर्वीएवढे बांधण्याचा हक्कही जातो. तो परत देणे, हा या सवलतीचा गाभा. त्याखेरीज सुनावण्या टाळणे, शुल्क कमी करणे, जळक्या भूखंडावर ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, राहू देणे, असेही उपाय असतात.

कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा शहराचे उदाहरण सर्वाधिक अभ्यासण्याजोगे आहे. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री पेटलेल्या टब्स वणव्यात २२ जण दगावले आणि या शहराची सुमारे ३,००० घरे गेली. वाऱ्यावर उडणाऱ्या ठिणग्यांनी हमरस्ता ओलांडून कॉफी पार्क ही सपाटीवरची वस्ती पेटवली. सकाळी तिथे घरांची धुराडी तेवढी उभी होती आणि मोटारींच्या चाकांचे ॲल्युमिनियम वितळून जमिनीवर ओघळले होते. महिना संपण्याआधीच शहराने जळालेल्या भागांसाठी खास झोनिंग लागू केले. जुन्या अंतरांवर घर बांधायला मुभा मिळाली. आवारातले छोटे जोडघर आधी बांधून त्यात राहावे आणि मोठे घर मागाहून उभारावे, हेही चालणार होते. पुनर्बांधणीच्या अर्जांसाठी वेगळा परवाना कक्ष उघडला.

कॉफी पार्क तीन वर्षांत बरेचसे पुन्हा उभे राहिले. मात्र श्रेय एकट्या झोनिंगला देणे बरोबर नाही. भूखंड सपाट होते, घरांचे आराखडे मिळतेजुळते होते, त्यामुळे एकेका बांधकाम कंपनीला अनेक घरे एकत्र घेता आली. त्याच शहरातल्या फाउंटनग्रोव्हच्या टेकड्यांवर सवलती त्याच होत्या, पण काम रेंगाळले. शिवाय तिथे जागेच्या धोक्याचाही प्रश्न होता: १९६४ चा हॅनली वणवाही जवळपास याच वाटेने आला होता. तेव्हा त्या टेकड्यांवर वस्ती जवळजवळ नव्हती.

कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावाचा अनुभव वेगळा आणि काहीसा विचित्र आहे. ८ नोव्हेंबर २०१८ च्या कॅम्प वणव्यात ८५ जणांचा बळी गेला. गावाने लोकांना आपापल्या भूखंडावर, राडारोडा उचललेला नसतानाही, ट्रेलरमध्ये राहायची मुभा दिली. तेव्हा संघीय आपत्ती यंत्रणेने हरकत घेतली. राख विषारी असून आरोग्याला धोका आहे, या कारणास्तव सफाईचा खर्च केंद्र उचलत होते. तिथे लोक राहू शकत असतील तर धोका कसला? निधी अडण्याच्या भीतीने फेब्रुवारी २०१९ मध्ये गावाला मुभा मागे घ्यावी लागली.

झोनिंगची सूट आणि बांधकाम संहितेची सूट यांत गल्लत होते. पहिली घर कुठे आणि केवढे, याविषयी असते. दुसरी कशाचे आणि कसे, याविषयी. पहिली देणे बहुधा सोपे, दुसरीत जोखीम अधिक. कोलोरॅडोत ३० डिसेंबर २०२१ च्या मार्शल वणव्यात हजारावर घरे गेली. लुईव्हिल शहराने त्याच्या थोडे आधीच ऊर्जाबचतीची नवी, कडक संहिता स्वीकारली होती. खर्च परवडत नाही, अशी रहिवाशांनी तक्रार केल्यावर त्यांना जुन्या संहितेनुसार बांधायची परवानगी मिळाली.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन वणव्यांत १६ हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी आठवड्याच्या आत पुनर्बांधणीपुरते पर्यावरण तपासणीचे आणि किनारपट्टीचे राज्य कायदे स्थगित केले. महापौर कॅरन बॅस यांच्या आदेशाने मूळ घराच्या ११० टक्क्यांपर्यंतच्या घरांना जलद मंजुरीची वाट मिळाली. वरचे दहा टक्के का, याचे सरळ उत्तर असे की हुबेहूब तेवढेच घर सहसा कोणालाच नको असते.

त्याच वर्षी जुलैअखेर गोष्ट उलटी फिरली. एका घराच्या भूखंडावर चार घरांपर्यंत बांधू देणारा राज्याचा २०२१ चा कायदा पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये लागू करू नये, अशी तिथल्याच अनेक रहिवाशांची मागणी होती. दाटी वाढली तर पुढच्या आगीत अरुंद रस्त्यांवरून बाहेर पडता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. न्यूसम यांनी स्थानिक प्रशासनांना तशी मोकळीक दिली आणि बॅस यांनी तिथे तो कायदा रोखला.