ओटीपी दिला नाही, तरी पैसे जातात

"ओटीपी कोणालाच सांगितला नाही, मग पैसे जातीलच कसे?" रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. समज जुना आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच घातक आहे.

ओटीपी सांगावाच लागतो असं नाही; तो परस्पर वाचताही येतो. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके. ती लाभार्थ्यांची यादी नव्हे, ते ॲप असतं. इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तुम्ही पाहायच्या आत ठगाकडे पोचतो. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावलं तरी तेच. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून उघडू नका. त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो. गावच्या ग्रुपवर हे फार पसरतं, कारण तिथे भाऊ-दादांनी पाठवलेलं कोणी तपासत नाही.

दुसरा प्रकार केळीच्या व्यापाऱ्याचा. "भाऊ, ॲडव्हान्स टाकतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला, की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

गेलेच तर लाजू नका, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबूही नका. आपल्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन लावा, मग बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त.