'वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के' : हे आकडे आले कुठून?

शिक्षक प्रशिक्षणात त्रिकोणाची ही स्लाइड हमखास भेटते : माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९० टक्के. खाली नाव एडगर डेल. वर्गात टॅब आणायचा असो की धडा मुलांवर सोपवायचा असो, पुरावा म्हणून हाच त्रिकोण पुढे.

डेल हे अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले प्राध्यापक. १९४६ साली त्यांनी 'अनुभवांचा शंकू' मांडला खरा : तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. पण त्यात एकही टक्का नव्हता! आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. त्यामागचं मूळ संशोधन कुणालाच दाखवता आलेलं नाही. आणि बघा ना, सगळे कसे शून्यावरच संपतात. कितवीची मुलं, कोणता धडा, किती दिवसांनी विचारलं? काही पत्ता नाही.

म्हणून कृती फुकट, असं नव्हे. सेल, वायर, बल्ब हातात आले की मुलं रमतातच. पण बल्ब पेटला म्हणजे परिपथ कळला असं होत नाही. 'ही वायर काढली तर काय होईल? आधी सांगा, मग काढा,' हे बाईंनाच विचारावं लागतं.