फ्रेंचमधलं ‘दिवस’ आणि ‘दिवसभर’

फ्रेंचमध्ये वर्षाला शब्द दोन: ‘आं’ आणि ‘आने’. दिवसाचंही तेच, ‘झूर’ आणि ‘झूर्ने’. सकाळ ‘मातॅं’ किंवा ‘मातिने’, संध्याकाळ ‘स्वार’ किंवा ‘स्वारे’. वर्गात सांगतात की पहिला शब्द मोजायला, दुसरा कालावधीला. ते खरंच आहे, पण ऐन बोलताना आठवत नाही. मराठी माणसाला त्याहून जवळची वाट आहे, आपल्या ‘भर’ची.

जोडीतला दुसरा शब्द ‘ए’ प्रत्यय लागून होतो. हा प्रत्यय मूळचा लॅटिनमधला ‘आता’, आणि तो काही फक्त काळालाच लागत नाही. ‘बूश’ म्हणजे तोंड, ‘बूशे’ म्हणजे घास. ‘प्वॅं’ म्हणजे मूठ, ‘प्वान्ये’ म्हणजे मूठभर. ‘पेल’ म्हणजे फावडं, ‘पेल्ते’ म्हणजे फावडंभर माती. एक शब्द वस्तूचा, दुसरा तिच्यात मावेल तेवढ्या ऐवजाचा. मग ‘झूर’ हा कॅलेंडरवरचा दिवस, आणि ‘झूर्ने’ म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत त्यात जे जे घडलं ते सगळं.

म्हणून वय सांगताना ‘आं’. तीन वर्षांपूर्वी, वर्षातून दोनदा, इथेही ‘आं’च. पण वर्षभर काम केलं, शाळेचं वर्ष संपलं, की ‘आने’. कॉलेजची तीन वर्षं ‘आं’ने मोजतात, मात्र तिसऱ्या वर्षाला आहे म्हणताना ‘आने’ येतो, कारण तिथे त्या वर्षाचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. प्रकाशवर्षातही ‘आने’च आहे आणि तो चपखल बसतो: प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर.

फ्रान्समध्ये पावाच्या दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणायचं, पाव घेऊन निघताना ‘बॉन झूर्ने’. येताना नुसता नमस्कार, जाताना उरलेला दिवस चांगला जावो ही इच्छा. नववर्षाचंही तसंच. 1 जानेवारी या दिवसाच्या नावात ‘आं’ आहे, पण शुभेच्छा देतात त्या ‘बॉन आने’ अशा, कारण पुढचं अख्खं वर्ष चांगलं जायला हवं असतं. आपल्या थिएटरांतला ‘मॅटिनी’ हा त्यांचा ‘मातिने’च. गंमत म्हणजे फ्रेंच नाट्यगृहात मातिनेचा खेळ दुपारी असतो!

अर्थात भाषा नियमाला बांधलेली नसते. ‘गेल्या वर्षी’ म्हणताना दोन्ही शब्द चालतात. ‘या वर्षी’ला मात्र ‘आने’च लागतो, तिथे घासाघीस नाही. महिना आणि आठवडा यांना अशी जोडीच नाही; आठवड्याला ते बोलताना आपल्यासारखंच सर्रास ‘आठ दिवस’ म्हणतात. रात्रीला ‘न्वी’च्या जोडीला ‘न्विते’ आहे खरा, पण तो हॉटेलच्या बिलात आणि पर्यटनाच्या आकडेवारीत, मुक्कामाच्या रात्री मोजायला. झोपायला जाताना सगळे ‘बॉन न्वी’च म्हणतात.