प्राध्यापकी सांभाळून संशोधनाची कंपनी: पेटंट, परवानगी आणि इन्क्युबेशनचे अर्ज

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट बाजारात न्यायची, तर कागद तीन ठिकाणी फिरतात: आपली संस्था किंवा विद्यापीठ, मुंबईचे पेटंट कार्यालय आणि कंपनी नोंदणी. क्रम चुकला तर पुढे तो सहसा सावरता येत नाही, म्हणून आधी पेटंटचा अर्ज, मग शोधनिबंध. मराठवाड्यातली कितीतरी चांगली कामे या एका चुकीमुळे हातची जातात.

अर्ज कुणाकडे करायचा?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची संलग्न महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे जातात. कृषीचे काम परभणीच्या वसंतराव नाईक कृषी विद्यापीठाकडे. अभियांत्रिकीची बरीच महाविद्यालये लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे आपली संलग्नता आधी पाहून घ्या. पहिला कागद म्हणजे इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे आपल्या शोधाची संस्थेला माहिती देणारा अर्ज. तो प्राचार्यांमार्फत, योग्य मार्गे, आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) कक्षाकडे द्यायचा. त्यात सर्व शोधकर्त्यांची नावे, कुणाचा किती वाटा, निधी कुठून आला, कोणती उपकरणे वापरली आणि आजवर हे काम कुठे दाखवले, हे लिहावे लागते. शेवटचा रकाना कोरा सोडू नका. ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेतले पोस्टर, परिषदेतला सारांश, यूट्यूबवरचे प्रात्यक्षिक, सगळे नोंदवा. पीएचडीचे काम असेल तर खुल्या मौखिक परीक्षेआधी आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) चढण्याआधी अर्ज दाखल झालेला हवा.

परिषदेत वाचलेल्या निबंधाला किंवा अधिसूचित प्रदर्शनाला कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. तिच्या भरवशावर राहू नये. शेतकऱ्याच्या रानात अवजाराची चाचणी घेतली असेल, तर ती चाचणी गरजेची होती आणि अर्जाआधीच्या एका वर्षातलीच होती, हे दाखवता आले पाहिजे. चाचणीची तारीख, गट क्रमांक आणि फोटो जपून ठेवा.

काय पेटंट होत नाही, तेही आधीच पाहा. शेतीची पद्धत, वनस्पती, बियाणे आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट मिळत नाही. तुरीची नवी जात असेल तर रस्ता वेगळा, पीक वाण संरक्षण कायदा, 2001 चा. कोळप्याच्या फाळाची नवी रचना मात्र पेटंटला बसू शकते. जैविक साहित्य वापरले असेल तर ते कुठले, हे विनिर्देशात (शोधाच्या तपशीलवार वर्णनात) लिहावे लागते आणि पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

शुल्क आणि फॉर्म

शैक्षणिक संस्थांना 2021 पासून 80 टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला 1,600 रुपये लागतात, सवलत नसलेल्यांना 8,000. यात 30 पाने आणि 10 क्लेम (ज्यांवर हक्क सांगायचा ते मुद्दे) बसतात. वरच्या प्रत्येक पानाला 160, प्रत्येक क्लेमला 320. म्हणजे 34 पाने आणि 12 क्लेम असतील तर 2,880 रुपये. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा, या परीक्षणाच्या विनंतीचे (फॉर्म 18) 4,000 वेगळे. सोबतचे कागद असे: फॉर्म 1 (मुख्य अर्ज), फॉर्म 2 मध्ये विनिर्देश, 3 (परदेशी अर्जांची माहिती) आणि 5 (शोधकर्त्यांची घोषणा), पेटंट एजंट असेल तर 26, आणि सवलतीसाठी फॉर्म 28 सोबत संस्थेच्या मान्यतेचा पुरावा. फॉर्म 28 राहिला तर सवलतीवर हरकत निघते.

वाळूज किंवा शेंद्र्याची मोठी कंपनी सहअर्जदार झाली की सवलत जाते. तोच उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल आणि त्याचे उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचे) जोडले तर टिकते.

आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल केला तर 12 महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण विनिर्देशाचा) हवा, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. परीक्षणाची विनंती पहिल्या अर्जापासून 31 महिन्यांत करायची. ही मुदत पूर्वी 48 महिने होती, मार्च 2024 मध्ये कमी झाली, आणि जुन्या हिशेबावर चालणारे इथेच चुकतात. पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते.

अर्जदार कोण, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विद्यापीठ आणि शोधकर्ता दोघेही मालक असतील, तर एकाच्या संमतीशिवाय दुसरा कुणालाही परवाना देऊ शकत नाही. म्हणून कंपनीला परवाना कोणत्या अटींवर मिळेल, हे पेटंटचा अर्ज भरतानाच लेखी ठरवून घ्या. नंतर फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत बसते आणि गुंतवणूकदार थांबत नाही.

नोकरी सांभाळून कंपनी: पात्रता

राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण, 2019 नुसार प्राध्यापकाला कंपनीत भाग घेता येतो, पण सल्लागार म्हणून कार्यालयीन वेळेच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही आणि शिकवण्याचे काम मागे पडता कामा नये. कार्यकारी किंवा व्यवस्थापकीय पद तीन महिन्यांपेक्षा जास्त सांभाळायचे असेल तर रजा घ्यावी लागते: अर्जित, विनावेतन किंवा संशोधन रजा. संस्थेची साधने आणि नाव वापरल्याबद्दल तिला कंपनीचे 2 ते 9.5 टक्के भाग (शेअर) देण्याची तरतूद आहे. हे धोरण संस्थेने स्वतः स्वीकारलेले असले पाहिजे. व्यवस्थापन परिषदेच्या किंवा संस्थाचालक मंडळाच्या ठरावाची प्रत आधी मागा. शासकीय महाविद्यालयात असाल तर 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी व्यवसायाला शासनाची पूर्वपरवानगी लागते. इथे तोंडी ‘हो’ कामाचे नाही.

विद्यार्थ्यांना मोकळीक जास्त आहे. प्रकल्पाऐवजी स्टार्टअपचे काम मांडता येते आणि संस्थेच्या पत्त्यावर कंपनी नोंदवता येते, फक्त त्यासाठी संस्थेची परवानगी लागते.

इन्क्युबेशनसाठी, म्हणजे नव्या कंपनीला सुरुवातीची जागा आणि मार्गदर्शन मिळण्यासाठी, आंबेडकर विद्यापीठात अटल इन्क्युबेशन केंद्र आहे, आणि उद्योजकांच्या पुढाकारातून उभे राहिलेले ‘मॅजिक’ हे इन्क्युबेशन केंद्रही संभाजीनगरातच आहे. अर्जाला साधारण लागते ते असे: संस्थापकांचे आधार, पॅन, विभागप्रमुखांचे ना हरकत, पेटंट अर्जाच्या पावतीची प्रत, काम दाखवणारा नमुना किंवा चाचणी अहवाल, आणि पहिला ग्राहक कोण हे सांगणारी दोन पाने. निवड समिती याच दोन पानांवर सर्वांत जास्त प्रश्न विचारते. ‘सर्व शेतकरी’ असे लिहिलेले चालत नाही. ‘औशाच्या डाळ मिल’ असे लिहा आणि दोन-तीन मिलवाल्यांची पत्रे जोडा.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात, त्यांतला एक भारतात राहणारा. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतले वीजबिल आणि जागामालकाचे ना हरकत पत्र लागते. बिल जुने निघाले म्हणून अर्ज परत येणे फार नेहमीचे आहे. कंपनी झाल्यावर स्टार्टअप मान्यतेचा अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क भरता येतो.