सेंटेन्सिंग सर्कल

सेंटेन्सिंग सर्कल म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल केला की त्याला शिक्षा काय द्यायची हे जज, वकील, पोलीस, ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती, दोन्हीकडचे घरचे आणि गावातली जाणती माणसं अशा सगळ्यांनी गोल बसून बोलायची पद्धत. कॅनडातल्या मूळनिवासी वस्त्यांमध्ये ही रुजली. गुन्हा केला की नाही हा वाद इथे चालत नाही, तो कोर्टातच. आपल्याला लगेच जातपंचायत आठवते, पण इथे जज त्या गोलातच बसलेला असतो, शेवटचा शब्द त्याचाच आणि निकालावर अपीलही करता येतं.

सुरुवात म्हणून १९९२ चा मोझेस खटला सांगतात. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉनमधलं मेयो हे छोटं गाव, समोर २६ वर्षांचा तरुण, आधीचे ४० च्या वर गुन्हे नावावर आणि यावेळी पोलिसावर बेसबॉलची बॅट उगारलेली. सरकारी वकिलाला तुरुंगच हवा होता. जज बॅरी स्टुअर्ट यांनी काय केलं तर आधी खुर्च्याच हलवल्या, साधारण ३० खुर्च्या गोल मांडल्या, आरोपी, घरचे आणि त्याचा वकील एकत्र, सरकारी वकील समोर, पोलीस वगैरे बाकीचे जिथे बरं वाटेल तिथे. निकालपत्रात या मांडणीबद्दल त्यांनी बरंच लिहिलंय आणि मला तरी तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उंचावर बसलेल्या जजपुढे घरची माणसं तोंड उघडतच नाहीत. ठरलं काय, तर तुरुंग नाही, आधी घरच्यांबरोबर गावापासून लांब ट्रॅपलाइनवर म्हणजे शिकारीच्या पट्ट्यात राहायचं, मग दारू सोडवायचं केंद्र, मग घरी परत.

बोलायची शिस्त साधी असते, हातोहात फिरणारं गरुडाचं पीस वगैरे ज्याच्या हातात तोच बोलणार.

हीलिंग सर्कल, म्हणजे फक्त शिक्षा न ठरवता पीडित, गुन्हेगार आणि घरचे या सगळ्यांना सावरायला बसायचं गोल, हे यापेक्षा लांबलचक प्रकरण. मॅनिटोबातल्या हॉलो वॉटर गावात ऐंशीच्या दशकात घराघरातले लैंगिक अत्याचार बाहेर यायला लागले तेव्हा तिथल्या अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांनी १३ टप्प्यांची पद्धत बसवली, ती पूर्ण व्हायला काही वर्षं जातात. शिक्षेच्या दिवशी चार फेऱ्या, आधी आपण का आलो, मग पीडितेशी बोलायचं की तुझी यात चूक नाही, मग गुन्हेगाराला सांगायचं की तुझ्यामुळे काय झालं, शेवटी पुढे काय. २००१ च्या सरकारी अभ्यासात १०७ पैकी फक्त २ जणांनी पुन्हा गुन्हा केल्याचं आढळलं.

१९९६ साली फौजदारी कायद्यात बदल होऊन मूळनिवासींना शिक्षा देताना तुरुंगाशिवाय पर्याय बघा असं आलं आणि १९९९ च्या ग्लॅड्यू निकालात सुप्रीम कोर्टाने ते ठणकावून सांगितलं, तरी आज लोकसंख्येत ५ टक्के असलेले मूळनिवासी केंद्रीय तुरुंगात ३० टक्क्यांच्या वर आहेत.

या सर्कलवर सगळ्यात जोरदार आक्षेप मूळनिवासी बायकांचाच. छोट्या गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक, मारणारा नवरा गावच्या पुढाऱ्याचा भाऊ निघाला तर त्याच्यासमोर पीस हातात घेऊन ती खरं कसं बोलणार?